भीती खरी, साक्ष खोटी

“इतकी वर्षं झाली, आता कसली भीती?” हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे, आणि बहुतेकांनी कधी ना कधी कोणाला तरी ऐकवलेलंही असेल. भूकंपात घर गेलेल्या माणसाला, बॉम्बस्फोटातून वाचलेल्याला, अपघातानंतर गाडीत बसायला नको म्हणणाऱ्याला, अत्याचारानंतर लिफ्टमध्ये परक्या पुरुषाशेजारी उभं राहू न शकणाऱ्या मुलीला. त्याच्या जोडीला आणखी तीन-चार वाक्यं ठरलेली असतात. मन घट्ट करायला हवं. आमच्या पिढीत ही थेरं नव्हती. हल्ली ज्याला त्याला ट्रॉमा होतो. बोलणारे काही दुष्ट नसतात. बरेचदा ते त्या माणसाचे सख्खे असतात, त्याच्या काळजीपोटीच बोलतात. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याचा नीट, मुद्द्याला धरून प्रतिवाद करायला हवा.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: संकटाची भीती समजू शकते, पण संकट टळून गेल्यावर, ज्या गोष्टीत काडीचाही धोका नाही तिला घाबरणं हा मनाचा दुबळेपणा आहे, नाहीतर नाटक आहे, नाहीतर सवलती पदरात पाडून घेण्याची युक्ती आहे. हे म्हणणं चूक आहे. नुसतं कठोर आहे म्हणून चूक नव्हे. माणसाचं मन धोका कसा शिकतं याबद्दल गेल्या शंभर वर्षांत जे कळलं आहे त्याच्याशी ते जुळत नाही, म्हणून चूक आहे.

किल्लारीपासून सुरुवात करू, कारण महाराष्ट्राला हा धडा तिथे सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहून मिळाला होता. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. गणपती विसर्जन आटोपून लोक उशिरा झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं काही सेकंदांत खाली बसली. सरकारी आकड्याप्रमाणे मेलेल्यांची संख्या आठ हजारांच्या जवळ जाते. तीव्रता सहाच्या थोडी वर, म्हणजे जगाच्या हिशेबात फार मोठा भूकंप नव्हे. माणसं मारली ती घरांनी. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेलं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं हेच माळवद त्या पहाटे झोपलेल्यांच्या अंगावर आलं.

त्यानंतर लोकांना दगडाच्या भिंतीची धास्ती बसली यात नवल नव्हतं. चिखलात रचलेली जाड भिंत त्या भागात खरोखरच जीवघेणी ठरली होती. इथपर्यंत भीती बरोबर माहिती देत होती. पण भीती तिथे थांबली नाही. ती दगडमातीच्या भिंतीवरून सगळ्याच दगडी बांधकामावर गेली, दगडावरून छपरावर, छपरावरून बंद खोलीवर, खोलीवरून रात्रीच्या अंधारावर. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. भूकंपाचा धक्का सोसतील अशी घरं बांधून दिली गेली. तरी कित्येकांनी दाराबाहेर पत्र्याचा निवारा ठेवला आणि रात्री तिथेच अंग टाकलं. पाहायला आलेल्या शहरी पाहुण्यांना याचा उलगडा होईना. एवढी पक्की घरं दिली आणि ही माणसं पत्र्याखाली झोपतात, म्हणजे यांना किंमत नाही, असा निष्कर्ष काढून ते मोकळे झाले.

आमच्या नात्यात उमरगा तालुक्यातल्या एक काकू आहेत. त्या पहाटे त्या स्वतः वाचल्या, पण शेजारच्या खोलीत झोपलेली त्यांची जाऊ आणि जावेचं लेकरू गेलं. पुढे मुलगा सोलापूरला नोकरीला लागला, फ्लॅट झाला, काकू तिथे राहायला आल्या. दिवसभर ठीक. स्वयंपाक, देवपूजा, नातवंडं, शेजारणीशी गप्पा. पण घर रस्त्याला लागून, आणि जड ट्रक गेला की मांडणीवरची स्टीलची भांडी किणकिणत. तो आवाज झाला की काकू हातातलं काम टाकून जिन्याकडे निघालेल्या असत. तोंडाला कोरड, हाताला घाम, पायात चप्पल नाही. जिन्यात पोचल्यावर त्यांना कळायचं की ट्रक होता. मग त्या ओशाळवाणं हसत परत यायच्या. ट्रक आहे हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. फक्त ते ठाऊक होण्याच्या आधी पाय उठलेले असायचे. आणखी एक गोष्ट घरातल्यांच्या लक्षात यायला बराच काळ जावा लागला. अनंत चतुर्दशीला विसर्जनाचे ढोल सुरू झाले की त्या रात्रभर जाग्या बसायच्या. ढोलाने कोणाचं घर पडत नाही. पण ती रात्र विसर्जनाची होती, आणि त्यांच्या शरीराने दोन्ही गोष्टी एका गाठीत बांधून ठेवल्या होत्या.

हे नाटक आहे असं ज्यांना वाटतं त्यांना मी लेनिनग्राडच्या कुत्र्यांची हकिकत सांगते. २३ सप्टेंबर १९२४ला नेव्हा नदीला मोठा पूर आला. इव्हान पावलोव यांच्या प्रयोगशाळेतली कुत्री ज्या आवारात ठेवलेली होती तिथे पाणी शिरलं. त्यांना बाहेर काढायचं तर दारं बुटकी होती आणि पाणी दाराच्याही वर चढत होतं. म्हणून एकेका कुत्र्याचं डोकं पाण्याखाली दाबून त्याला दारातून ओढावं लागलं आणि मग पोहत न्यावं लागलं. कुत्री वाचली. पण त्यातल्या काहींच्या महिनोन्‌महिने पक्क्या केलेल्या प्रतिक्रिया पार विस्कटून गेल्या. घंटेसारख्या खुणेला लाळ सुटणं वगैरे जे त्यांना शिकवलं होतं ते नाहीसं झालं. एका कुत्र्याची घडी संशोधकांनी धीराने पुन्हा बसवली. मग एके दिवशी मुद्दाम प्रयोगाच्या खोलीत दाराखालून थोडंसं पाणी सोडलं. जमिनीवर लहानसं थारोळं, त्यात कुत्र्याचा पंजासुद्धा बुडला नसता. कुत्रा धापा टाकायला लागला, अस्वस्थ होऊन इकडेतिकडे पाहायला लागला, आणि परत मिळवलेलं सगळं पुन्हा हरवून बसला. या कुत्र्याला कोणाची सहानुभूती मिळवायची नव्हती. त्याला अनुदानाची यादी माहीत नव्हती. पुराच्या पाण्याची भीती दाराखालच्या ओघळाला जाऊन चिकटली, कारण प्राण्याचं मन असंच शिकतं.

आणि माणसाचंही. जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी १९२०मध्ये बाल्टिमोरला एका तान्ह्या मुलावर केलेला प्रयोग मानसशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. तो क्रूर होता, आणि एकाच बाळावरचा असल्यामुळे शास्त्र म्हणूनही तोकडा होता. आज कोणतीही समिती त्याला परवानगी देणार नाही. पण त्यात दिसलेली एक गोष्ट पुढे हजार ठिकाणी खरी ठरली. नऊ महिन्यांचा असताना हा मुलगा पांढऱ्या उंदराला, सशाला, कुत्र्याला, मुखवट्यांना कशालाच घाबरत नव्हता. अकरा महिन्यांचा झाल्यावर त्याने उंदराला हात लावला की त्याच्या डोक्यामागे पोलादी कांबीवर हातोडा हाणला जाई. असं सात वेळा केल्यावर तो नुसता उंदीर पाहून रडू लागला. पाच दिवसांनी ससा आणला, तरी रडला. कुत्र्याला घाबरला. सीलच्या कातड्याच्या कोटाला घाबरला. सांताक्लॉजच्या दाढीवाल्या मुखवट्याला घाबरला. यातल्या एकाही गोष्टीच्या वेळी कधी आवाज झाला नव्हता. लाकडी ठोकळे दिले तेव्हा मात्र तो निवांत खेळला.

त्या ठोकळ्यांकडे बारकाईने पाहायला हवं. भीती वाट्टेल तिथे सैरावैरा धावत नाही. केसाळ, मऊ, पांढरं जे जे होतं तिथे ती गेली, ठोकळ्यांकडे गेली नाही. तिला वाट आहे, नियम आहे. साम्य असेल तिथे ती पसरते. साम्य दिसण्यातलं असू शकतं, आवाजातलं असू शकतं, वासातलं असू शकतं, वेळेचं असू शकतं. काकूंच्या बाबतीत थरथरणारी भांडी आणि विसर्जनाचा ढोल या दोनच गोष्टी होत्या. कुकरच्या शिट्टीला त्या कधी दचकल्या नाहीत. नाटक करणाऱ्याला एवढा काटेकोरपणा सांभाळता येत नाही.

आता कोणी म्हणेल, बाळाचं आणि कुत्र्याचं सोडा, मोठ्या माणसाला अक्कल असते. अकलेचा प्रश्न इथे येतच नाही. अमेरिकेतले श्मुएल लिसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांना पडद्यावर लहानमोठी वर्तुळं दाखवली. एका टोकाच्या आकाराच्या वर्तुळासोबत हाताला सौम्य विजेचा झटका यायचा, दुसऱ्या टोकाच्या आकारासोबत कधीच यायचा नाही. मधल्या आकारांची वर्तुळं दिसली की शरीर काय करतं ते त्यांनी मोजलं. आणि मोजलं कशावर, तर अचानक मोठा आवाज झाल्यावर पापणी किती जोराने मिटते त्यावर. पापणीची ही हालचाल कोणाच्या हातात नसते, ती ठरवून कमीजास्त करता येत नाही. निरोगी माणसांतही भीती शेजारच्या आकारांवर सांडली होती. पण धोक्याच्या वर्तुळापासून दूर जाताना ती झपाट्याने उतरत होती. पॅनिक डिसऑर्डर असलेल्यांत हा उतार संथ होता, भीती कितीतरी लांबच्या आकारांपर्यंत टिकून होती. २०१०मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि आघातानंतरच्या विकारातही पुढे असाच संथ उतार दिसला. म्हणजे घाबरणारा माणूस आणि न घाबरणारा माणूस यांच्या मनाची जात वेगळी नाही. एकच यंत्रणा आहे, फरक उताराचा आहे.

ही यंत्रणा मुळात बिघाड म्हणून आलेली नाही. गवतात काही सळसळलं आणि वारा निघाला, तर पळालेल्याची थोडी धावपळ फुकट गेली. साप निघाला आणि पळाला नाही, तर जीव गेला. या दोन चुकांची किंमत सारखी नाही. म्हणून मेंदूने लाखो वर्षांत पहिली चूक पत्करायची सवय लावून घेतली. धोक्याची घाईघाईने खूण देणारा मेंदूतला भाग, अमिग्डाला, नीट ओळख पटण्याची वाट पाहत बसत नाही. हे तेच आहे की त्याच्यासारखं दुसरं आहे, ही जागा ती आहे की वेगळी आहे, हा निवाडा करायला हिप्पोकॅम्पससारखे दुसरे भाग लागतात, आणि जबर आघातानंतर नेमकं तेच काम अडखळतं. काकूंचे पाय आधी का उठत आणि ‘ट्रक होता’ हे नंतर का कळे, त्याचं उत्तर या क्रमात आहे. त्याला दुबळेपणा म्हणणं म्हणजे शिंक आल्याबद्दल कोणाला बेशिस्त म्हणण्यासारखं आहे.

“मग सगळ्यांनाच का होत नाही?” हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांत केलेल्या पाहण्यांत साधारण सत्तर टक्के माणसांनी आयुष्यात कधी ना कधी एखादा जबर आघात सोसल्याचं सांगितलं, आणि आघातानंतरचा विकार आयुष्यात कधी तरी जडलेले सुमारे चार टक्के निघाले. बहुसंख्य माणसं सावरतात, हे खरं आहे आणि आनंदाचं आहे. पण न सावरलेल्यांचं पाप त्यामुळे सिद्ध होत नाही. ढिगाऱ्याखाली कोण किती तास अडकलं, डोळ्यांदेखत कोण गेलं, आधी काय सोसलेलं होतं, नंतर घरात कोणी जवळ घेतलं की हिणवलं, यावर फार काही ठरतं. एकाच वस्तीत एकाला न्यूमोनिया होतो आणि दुसऱ्याला होत नाही, तेव्हा आपण पहिल्याच्या चारित्र्याची चौकशी करत नाही.

“आमच्या पिढीने काय काय पाहिलं, कोणी थेरपी घेतली नाही” या दाव्याला मात्र मी जराही मान देणार नाही. त्या पिढीतल्यांचं पुढे काय झालं हे कोणी नीट पाहिलंच नव्हतं. पाहिलं असतं तर धसका घेऊन अंथरूण धरलेली माणसं दिसली असती, बाधा झाली म्हणून अंगारे-धुपारे करत फिरवलेल्या बायका दिसल्या असत्या, दारूत बुडालेले बाप दिसले असते. आणि जिथे पाहिलं गेलं तिथे काय केलं गेलं? पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यातून बाहेर आलेले सैनिक दार आपटलं तरी थरथरू लागत. चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी १९१५मध्ये त्याबद्दल लिहिलं होतं. तरीही युद्ध संपेपर्यंत ब्रिटिश लष्कराने पळपुटेपणा, भेकडपणा अशा आरोपांखाली ३०६ सैनिकांना गोळ्या घालून मारलं. त्यातल्या काहींची मनं तोफांनी मोडलेली होती. ब्रिटनने त्यांना माफी दिली ती २००६मध्ये. भीतीला चारित्र्याचा दोष ठरवण्याचा शेवट कुठवर जातो हे त्या कबरींवर लिहिलेलं आहे.

आपल्याकडे याच वृत्तीचं एक गोंडस रूप आहे, ते म्हणजे मुंबई स्पिरिट. ११ जुलै २००६च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, १८०हून अधिक माणसं मेली. दुसऱ्या दिवशी गाड्या पुन्हा भरून धावल्या आणि सगळीकडे शहराच्या हिमतीचे गोडवे गायले गेले. त्या दिवशी मदतीला धावलेल्या झोपडपट्टीतल्या आणि फलाटांवरच्या माणसांना माझा शिरसाष्टांग नमस्कार आहे. पण भरलेली गाडी म्हणजे न घाबरलेले प्रवासी, हा हिशेब खोटा आहे. हजेरी लागली नाही तर पगार कापला जातो, म्हणून माणूस गाडीत चढतो. वरच्या रॅकवर बेवारस दिसणाऱ्या प्रत्येक डब्याच्या पिशवीकडे पाहत, दर स्टेशनाला उतरावंसं वाटत, तो चर्चगेटपर्यंत जातो. त्याच्या गरजेला शौर्य म्हणून आपण त्याला बोलायची सोयच ठेवत नाही. स्पिरिटवाल्या शहरात “मला डब्यात बसलं की गुदमरतं” हे सांगायचं कोणाला?

“वेळ हेच औषध” असंही म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत पहिल्या काही महिन्यांत वेळ खरोखर काम करते. पण जिथे माणूस भीतीच्या वाटेला जायचंच टाळतो तिथे वेळ थांबून राहते. छपराखाली झोपायची भीती वाटते, म्हणून माणूस बाहेर झोपतो. बाहेर झोपल्याबरोबर जिवाला बरं वाटतं. ते बरं वाटणं मेंदूला सांगतं, बघ, वाचलास ना! छप्पर पडलं नाही, हे शिकण्याची संधी मात्र त्या रात्रीही हुकते. दुसऱ्या रात्रीही हुकते. अशी वीस वर्षं गेली तरी त्या मेंदूच्या लेखी छप्पर काल पडलेलं असतं.

इथे मला दुसऱ्या बाजूशीही भांडायचं आहे, आणि ती बाजू हल्ली वाढते आहे. माणूस दुखावलेला आहे, तर त्याला त्रास होईल असं काहीच त्याच्या समोर येऊ देऊ नका, असं ती सांगते. हेतू चांगला आहे. घरचे लोक प्रेमाने करतात ते हेच. काकूंच्या मुलाने मांडणीवरची सगळी भांडी काढून कपाटात कापडात गुंडाळून ठेवली. विसर्जनाच्या रात्री त्यांना लांबच्या नातेवाइकांकडे पाठवू लागला. पहिल्या वर्षी काकूंना हायसं वाटलं. मग त्या ट्रकच्या आवाजाला, मग बसच्या आवाजाला जिन्याकडे जाऊ लागल्या. जपण्याने भीतीचं अंगण मोठं होत गेलं. परदेशात वाचनाच्या किंवा व्याख्यानाच्या आधी ‘ट्रिगर’चा इशारा द्यायची पद्धत रुजली आहे. त्यावर आता बरंच संशोधन झालं आहे, आणि त्यात असं आढळलं की अशा इशाऱ्यांनी प्रत्यक्ष त्रास कमी होत नाही, उलट तो येण्याआधीची धडधड वाढते. जपणाऱ्यांनी भीती खरी मानली, हे त्यांचं मोठेपण. पण भीती जे सांगते तेही खरं मानलं, ही त्यांची चूक. भांडी वाजली म्हणून घर पडणार, ही साक्ष खोटी आहे, आणि घरातल्या माणसांनीच ती मान्य करून टाकली तर त्या बाईला खरं कोण सांगणार?

मग सरळ ढकलून द्यायचं का? आपल्याकडे पोरांना विहिरीत ढकलून पोहायला शिकवायची रीत होती. त्यातली बरीच शिकली, आणि काही जन्मभर पाण्याच्या काठाला गेली नाहीत. “चल, आज आत झोपायचंच” म्हणून बाहेरून कडी लावणारा माणूस हेच करतो. त्या बंद खोलीत काकू छप्पर शिकणार नाहीत, कोंडलं जाणं शिकतील. जवळ नेणं आणि कोंडणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. दाराचा ताबा कोणाकडे आहे, हा तो फरक.

जवळ कसं न्यायचं हे मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४मध्येच दाखवून दिलं होतं. पीटर हा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा सशाला घाबरत असे, आणि त्याच्याबरोबर कापसाला, पिसांना, फरच्या कोटालाही. ससा पिंजऱ्यात घालून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. सशाला न भिणारी दुसरी मुलं आजूबाजूला खेळत होती. दिवसागणिक पिंजरा थोडा जवळ आला, मग ससा मोकळा झाला. अशात पीटरला स्कार्लेट फीव्हर झाला, तो दवाखान्यात राहिला, आणि तिथून निघताना एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर धावून आला. केलेली सगळी मेहनत वाया गेली. जोन्सबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी तो आवडीचं खात असताना, तो चालवून घेईल तेवढ्याच अंतरावर ससा. शेवटी ससा त्याची बोटं कुरतडत होता आणि पीटर हसत होता. कापसाची आणि कोटाची भीतीही आपोआप गेली. भीती जशी साम्याने पसरली होती तशीच ती साम्याने ओसरली.

आज एडना फोआ यांच्यासारख्यांनी घडवलेल्या उपचारांच्या पोटात हीच रीत आहे: माणसाच्या संमतीने, ठरवून, पायरीपायरीने, आणि भीती वर चढून आपली आपण उतरेपर्यंत तिथे थांबून. मार्क बाउटन यांच्या संशोधनाने त्यात एका मोलाच्या गोष्टीची भर घातली. जुनी शिकवण पुसली जात नाही, तिच्यावर नवी शिकवण बसते. म्हणून नवी जागा, नवा धक्का, वर्षाची तीच तारीख आली की जुनी भीती डोकं वर काढू शकते. ते उपचाराचं अपयश नसतं. पीटरसारखं पुन्हा दुरून सुरू करायचं असतं. काकूंच्या बाबतीत एका समुपदेशक बाईंनी हेच केलं. आधी दिवसा, हातात चहाचा कप घेऊन, स्वतःच दोन भांडी एकमेकांवर वाजवायची. मग मांडणीवर दोन भांडी परत. मग चार.

एक इशारा इथे द्यायलाच हवा. प्रत्येक भीती पसरलेली नसते. जिच्या घरात मारणारा नवरा अजून आहे, ज्याच्या गावात मारेकरी उजळ माथ्याने फिरतात, त्याला समुपदेशन देणं हा अन्याय आहे. त्याला आधी संरक्षण हवं. धोका आहे की नाही याची तपासणी पहिली, बाकी सगळं नंतर.

आणि भीती वस्तूंवरून माणसांवर जाते तेव्हा तर हा विवेक आणखीच जपावा लागतो. १९९२-९३च्या मुंबईतल्या दंगलींत नऊशे माणसं मेल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. दोन्ही समाजांतली हजारो माणसं त्यातून अशी बाहेर आली की पुढे एखादी टोपी, एखादा टिळा, एखादं आडनाव पुरेसं होई. कुटुंबं आपापल्या माणसांच्या वस्तीत निघून गेली, मुंब्रा तेव्हापासून भराभर वाढलं. ज्याच्या डोळ्यांसमोर घर जळलं त्याच्या या भीतीला मी नावं ठेवणार नाही. पण तीच भीती पुरावा म्हणून मांडणाऱ्या पुढाऱ्याला ठेवीन. “लोकांना वाटतं म्हणजे काहीतरी असणारच” हे वाक्य ट्रकच्या आवाजाला भूकंप ठरवतं. फरक इतकाच की इथे तो ट्रक म्हणजे शेजारचा जिवंत माणूस असतो.

सरकारने काय करायचं, याचं उत्तर कागदावर आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने आपत्तीनंतरच्या मानसिक आधाराबद्दल २००९मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. किल्लारीच्या वेळी तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही नव्हता, तो १९९६ला सुरू झाला. आज दोन्ही आहेत, तरी दरड कोसळली की पंचनामे होतात, धनादेश वाटले जातात, आणि मनाचं काम पहिल्या पंधरवड्यातल्या भेटींवर संपतं. पसरलेली भीती पक्की होते ती त्यानंतर, छायाचित्रकार परतल्यावर. मदत दोन वर्षं टिकायला हवी, आणि ती गावातल्या आशा सेविकेच्या हातून पोचायला हवी, कारण कोण कुठे झोपतं हे तिलाच माहीत असतं.

घरबांधणीलाही यात काम आहे. किल्लारीनंतर घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे लांब दगड कुठे बसवायचे, चौकटीच्या वर काँक्रीटचा पट्टा का हवा, हे त्या घरोघरी सांगत. कोणती भिंत पडते आणि कोणती उभी राहते, हे ज्या बाईने स्वतः शिकून घेतलं तिच्या मनात दगड आणि दगड यांत फरक करायला जागा झाली असणार, असं मला वाटतं. ठेकेदाराने किल्ली हातात दिलेल्या घरात ती जागा कशी होणार? नव्या वसाहतींत घरमालकाला बांधकामावर उभं राहू द्या, आणि रुंद ओसरी द्या, म्हणजे त्याला बाहेरून आत यायला मधली पायरी मिळेल.

आणि वाचकहो, तुमच्या घरात असं कोणी असेल तर त्याला हिणवू नका आणि त्याची भांडीही गुंडाळून ठेवू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. नंबर १४४१६. चोवीस तास चालू असते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. पहिला फोन लावताना त्याच्या शेजारी बसा.